डांगरी: आधी कापडाचं नाव, मग कपड्याचं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट होईल. तुम्ही बेळगावजवळच्या मच्छेकडच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, खरेदी खात्यात नुकत्याच लागलात. साहेबांनी सांगितलं, चाळीस डांगऱ्या मागवा. ऑर्डर इंग्रजीत लिहायची म्हणून तुम्ही जुन्या फायली काढल्या, तर एकाच शब्दाची चार स्पेलिंगं निघाली. मोबाइलवर शोधलं तर खांद्यावर पट्टे असलेल्या लहान मुलींच्या विजारी दिसल्या. म्हणून तुम्ही विचारलंय की खरं स्पेलिंग कोणतं, शेवटी एस लावायचा का, नेमका कपडा कोणता आणि हा शब्द मुळात इंग्रजांचा की आपला.

घाईत असाल तर एवढं घ्या. स्पेलिंग डी, यू, एन, जी, ए, आर, ई, ई. अंगात घालायचा कपडा म्हणायचा असेल तर पुढे एस. आणि शब्द आपला आहे, मुंबईच्या डोंगरीचा.

पण एवढ्यावर ऑर्डर पाठवलीत तर स्पेलिंग शंभर टक्के बरोबर असूनही चाळीसच्या चाळीस कपडे चुकीचे येऊ शकतात. अडचण स्पेलिंगची नाहीच. डांगरी हे मुळात कापडाचं नाव आहे, कपड्याच्या घाटाचं नाही. कापड कोणतं ते हा शब्द सांगायचा. त्याला बाह्या आहेत की नाहीत, छाती झाकलेली आहे की उघडी, हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. ते ज्याने त्याने आपापल्या गावात ठरवून टाकलं. हे एकदा लक्षात आलं की तुमच्या चारही प्रश्नांची गाठ एकदम सुटते.

मी बत्तीस वर्षं कामगारांचे कपडे शिवतोय. वडील बेळगावात कॅम्पात मशीन चालवायचे, मी उद्यमबागेतल्या कारखान्यांची गिऱ्हाइकं धरली. धंद्यात चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा जिल्ह्याबाहेरच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. कागदावर टाइप केलेलं होतं, खाकी डंगरीज, नग साठ. स्पेलिंग अगदी कोशातलं. मी आणि दोन कारागिरांनी रात्री जागून साठ नग केले, कॉलरपासून घोट्यापर्यंत एकसंध, पूर्ण बाह्यांचे, पुढे चेन. त्याने गठ्ठा सोडला आणि म्हणाला, 'मास्तर, हे काय केलासा वो? ह्यो बॉयलर सूट झाला. मला छातीवर बिब आणि खांद्यावर पट्टे पाहिजे होते.' त्याचं चूक नव्हतं, माझंही नव्हतं. त्याच्या बाजारात त्या शब्दाचा अर्थ एक, माझ्या बाजारात दुसरा. ते साठ नग खपायला मला दीड वर्ष लागलं, एकेक गॅरेजला दोन-दोन, चार-चार करून. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते सांगतो.

आज हा शब्द निदान तीन कपड्यांना लावतात. इंग्लंडात डंगरीज म्हणजे बिबवाली विजार: कमरेवर छातीपर्यंत चौकोनी तुकडा, त्याला मागून येणारे दोन पट्टे, बाह्या नाहीत, आत वेगळा शर्ट घालायचा. अमेरिकेत जुन्या पिढीच्या तोंडी डंगरीज म्हणजे साधी निळी कामाची पँट, ज्याला आपण जीन्स म्हणतो ती. तिथल्या नौदलातल्या खलाशांच्या कामाच्या निळ्या कपड्यांनाही हेच नाव होतं. बिबवाल्या विजारीला मात्र अमेरिकन माणूस ओव्हरॉल्स म्हणतो. आणि ओव्हरॉल म्हटलं की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे पुन्हा वेगळाच कपडा येतो, बाह्यांचा, सगळं अंग झाकणारा. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्यांचंही यावर एकमत नाही. आपल्याला गोंधळ वाटला तर तो आपल्या इंग्रजीचा दोष नव्हे.

आपल्याकडे कारखान्यात, रेल्वेत, लष्करात डांगरी म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसंध कपडा. रणगाड्यावरच्या जवानांचा काळा पोशाख असतो तीही डांगरीच. इंग्रजीत याचं बिनचूक नाव बॉयलर सूट किंवा कव्हरऑल. बॉयलर सूट हे नाव कोळशाच्या बॉयलरमध्ये आत शिरून काजळी खरवडणाऱ्या माणसांवरून आलं. शर्ट-पँट वेगळी असली की वाकताना कमरेशी फट पडते आणि काजळी आत जाते, म्हणून एकसंध. बेळगावच्या खडेबाजारात मात्र रेडिमेड दुकानात जाऊन डंगरी मागितलीत तर दोन-चार वर्षांच्या पोरीची बिबवाली विजार किंवा फ्रॉक काढून दाखवतील. उद्यमबाग आणि खडेबाजार एकाच गावात, पण एका शब्दाचे दोन कपडे.

आता हे असं का झालं, ते मुळापासून बघू.

मुंबईत डोंगरी नावाची वस्ती आहे. नाव सरळ आहे, छोटा डोंगर, टेकाड. आपण सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातो, त्या डोंगराची धाकटी बहीण म्हणजे डोंगरी. तिथे टेकडीवर किल्ला होता. त्याच भागात पुढे इंग्रजांनी फोर्ट जॉर्ज बांधला, आजचं सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे त्या बाजूला. या डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या पेठेत जाडंभरडं देशी सुती कापड विकायचे, त्याला डोंगरी कापड म्हणायचे. हे मी मनाचं सांगत नाही. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी १८५७ची, डोंगरी कापड हा शब्द दिलेला आहे. किल्ल्यालगतच्या पेठेत विकलं जाणारं साधं देशी कापड, पुढे कोणतंही हलक्या प्रतीचं, स्वस्त सुती कापड, असा अर्थ सांगून इंग्रजी शब्द त्याच्याच अपभ्रंशातून आल्याचं तिथे म्हटलंय.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. इरकल म्हणजे काय? बागलकोट जिल्ह्यातलं इलकल हे गाव. पण आजीने 'इरकल नेसले' म्हटलं तर ती गाव नेसली असं कोणी समजत नाही. पैठणचं ते पैठणी, नारायणपेठचं ते नारायणपेठी. आमच्या शहापूर-वडगावच्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली जातात, ती बाहेरगावी शहापुरी म्हणूनच ओळखतात. कापडाला गावाचं नाव लागतं, कारण गिऱ्हाईक माल ओळखतं तो जिथून येतो त्यावरून. इंग्रजांनीही तेच केलं. कालिकतचं कापड ते कॅलिको. जिनोआ बंदराच्या नावावरून जीन. डेनिम हे फ्रान्समधल्या नीम गावावरून आल्याचं सहसा सांगतात. त्यांच्या पंक्तीत आपली डोंगरी बसली.

आणि ती फार पूर्वी बसली. जॉन सॅरिस नावाचा इंग्रज कप्तान क्लोव्ह नावाचं जहाज घेऊन मोलुक्का बेटांवर लवंगा घ्यायला गेला होता. भारतातलं सुती कापड द्यायचं आणि लवंगा घ्यायच्या, असा सौदा. कोणत्या कापडाला किती कट्टी (कट्टी हे तिकडचं वजनाचं माप) लवंगा मिळाल्या याची त्याची १६१३ची यादी छापलेली आहे. त्यात भडोचच्या एका कापडाला सहा कट्टी लवंगा, आणि डोंगेरीन्स, त्यातल्या उत्तम प्रतीच्या, बारा. ही नोंद पहिल्यांदा कळली तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली होती. गरिबाचं कापड म्हणून कोशात लिहिलेलं आपलं डोंगरी, आणि त्यातलं चांगलं समुद्रापार बारा कट्टी लवंगांना जात होतं.

या सालात आणखी एक गोष्ट आहे. १६१३ला मुंबई पोर्तुगीजांकडे होती. इंग्रज राजाला ती १६६१च्या लग्नाच्या तहात मिळाली आणि कंपनीच्या हातात १६६८ला गेली. म्हणजे इंग्रज मुंबईत येऊन बसण्याआधीच या कापडाचं नाव परदेशी व्यापाऱ्यांच्या वहीत पोचलं होतं. इंग्रजांनी कापड आणलं आणि आपण त्याचं नाव उचललं, असं जे कारखान्यात सर्रास समजतात, ते त्यामुळे टिकत नाही. नाव आपलं, कापड आपलं, विणणारे हात आपले.

कापड कसं होतं? याचीही नोंद आहे, आणि कारागीर म्हणून मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताण्यात आणि बाण्यात, दोन्हीकडे दोन किंवा जास्त सुतं जोडीने घालून ते विणायचे. वडगावात माग चालवणाऱ्या कोणालाही विचारा, सूत जोडीने घातलं की कापड जाड होतं, घासलं तरी लवकर विरत नाही. त्यातलं बारीक पोताचं गरीब लोक अंगावर घालायचे, जाड पोताचं गलबतांच्या शिडांना आणि तंबूंना वापरायचे. म्हणजे खलाशी ज्या कापडाची शिडं ओढायचे, तसल्याच कापडाच्या विजारी त्यांच्या अंगावर आल्या. जहाजावर, गोदीवर, मग इंजिनघरात. कापड टिकाऊ आणि स्वस्त, म्हणून ते मेहनतीच्या कामाला लागलं; मेहनतीच्या कामाला लागलं म्हणून त्याच्या कपड्यालाच त्या कापडाचं नाव पडलं.

इथेच तुमच्या अर्थाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याकडे खाकीचं काय झालं ते बघा. खाकी म्हणजे मातीच्या रंगाचं. आधी रंग, मग त्या रंगाचं कापड, मग गणवेश; आणि आता 'अंगावर खाकी चढली' म्हटलं की माणूस पोलिसात भरती झाला. डोंगरीचंही तसंच. आधी जागा, मग कापड, मग कपडा. फरक इतकाच की तिसऱ्या पायरीवर प्रत्येक देशातल्या शिंप्याने आपल्या कामगाराला सोयीचा घाट दिला. इंग्रजाला बिब सोयीचं वाटलं, अमेरिकन खलाशाला साधी पँट, आपल्या कारखान्याला एकसंध. नाव कोणी बदललं नाही.

जीन्सचीही गोष्ट वेगळी नाही. वडिलांच्या वेळेला जीन हे कापड होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, 'पांढऱ्या जीनची पँट शिवा.' आज जीन्स ही पँट आहे. खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची कल्पना अमेरिकेतल्या जेकब डेव्हिस नावाच्या माणसाची. तोही शिंपीच. त्याच्याकडे भांडवल नव्हतं म्हणून लेव्ही स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याला त्याने बरोबर घेतलं आणि २० मे १८७३ला दोघांना पेटंट मिळालं. त्या पँटींना तेव्हा जीन्स म्हणत नव्हते, कमरेपर्यंतचे ओव्हरॉल म्हणत होते. कामाच्या कपड्यांची नावं अशी सरकत राहतात. शिवणारा बदलतो, घालणारा बदलतो, शब्द जुनाच राहतो.

आता स्पेलिंग. तुमच्या फायलीत असलेली रूपं मला न बघता सांगता येतील: डी-ए-एन-जी-आर-आय, डी-यू-एन-जी-आर-आय, डी-ए-एन-जी-ए-आर-ई-ई, आणि कुठेतरी शेवटी वाय. माझ्या बिलांच्या जुन्या पुस्तकांत ही सगळी आहेत. सीमाभागात हे होणारच. साहेब ऑर्डर मराठीत सांगतात, भट्टीवरचा माणूस कानडीत 'डांगरी बिगी आगेद री', म्हणजे डांगरी घट्ट झालीय, म्हणतो, आणि कागद इंग्रजीत होतो. ज्याने जे ऐकलं ते त्याने लिहिलं.

बरोबर स्पेलिंग पाठ करण्यापेक्षा ते तसं का आहे ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा चुकणार नाही. जुने इंग्रज आपली नावं कानाला येतील तशी, पण आपल्या सवयीने लिहायचे. शेवटच्या लांब ईला ते दोन ई लावायचे. खडकीचं किरकी केलं, शेवटी दोन ई. पारशीला दोन ई, रुपयाच्या रुपीला दोन ई. पायाला गुंडाळायची पट्टी सैन्यात गेली, तिलाही शेवटी दोन ई. म्हणून डोंगरीच्या शेवटी दोन ई आहेत. आय किंवा वाय लिहिलंत तर ते आजच्या मोबाइलवरचं स्पेलिंग झालं, कोशातलं नव्हे.

मग डोंगरीचा ओ कुठे गेला, यू कसा आला? सॅरिसच्या यादीत ओच आहे. पण हिंदी-गुजरातीत डोंगराला डुंगर म्हणतात, आणि मुंबईच्या बाजारात गुजराती व्यापारी होतेच. तो उ इंग्रजीत यू झाला. पुढे तोच यू इंग्रजांनी आपल्या पद्धतीने अ म्हणून वाचला, जसा जंगल आणि पंजाब या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये यू लिहून अ वाचतात. म्हणून उच्चार झाला डंगरी, तीन तुकड्यांत, ग स्पष्ट आणि जोर शेवटच्या रीवर. तोच उच्चार छावण्यांतून, रेल्वेतून, गोदीतून परत आपल्या कानावर आला आणि आपण तो डांगरी असा घरी आणला. डोंगरी गेली आणि डांगरी होऊन आली. मराठीत लिहिताना मी डांगरीच लिहितो, कारण कामगार तसंच म्हणतात. कोणी डंगरी लिहिलं तरी ते चूक म्हणायचं कारण नाही.

जाता जाता एक सांगून ठेवतो, कारण शाळेतली मुलं हे हमखास विचारतात. या स्पेलिंगची पहिली चार अक्षरं वाचली तर शेण या अर्थाचा इंग्रजी शब्द होतो. त्याचा आणि याचा काडीचाही संबंध नाही.

स्पेलिंगची ही गंमत बेळगावच्या माणसाला तर घरचीच आहे. आपल्या गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आठवा, शेवटी एम होता. बोलताना गावाच्या शेवटी म कोणी म्हणत नाही. तो गांववरचा जुना अनुस्वार, इंग्रजांनी तो एम करून टाकला. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी स्पेलिंग बेळगावी झालं, पण माझ्या वडिलांच्या शिलाई मशीनच्या पावतीवर अजून तोच एम आहे, आणि ती पावती खोटी ठरत नाही. म्हणून जुन्या फायलीतल्या स्पेलिंगांना नावं ठेवू नका. पुढच्या ऑर्डरीपासून मात्र एकच धरा.

राहिला एस. इंग्रजीत पायांच्या दोन नळ्यांचा कपडा अनेकवचनी चालतो. त्यांची ट्राउझर्स, त्यांचे पँट्स, तशी त्यांची डंगरीज. आपला पायजमा एकवचनी. तो तिकडे गेला आणि त्यालाही शेवटी एस लागला. आपली विजार एक, चड्डी एक, लेंगा एक, त्यामुळे आपल्याला एस लावायचं सुचतच नाही. पण या शब्दात एसने अर्थ बदलतो, म्हणून जपा. एस नसलेला शब्द म्हणजे कापड, एस असलेला म्हणजे अंगात घालायचा कपडा. नग मोजायचे तर इंग्रजीत जोडी म्हणायची पद्धत आहे, चाळीस जोड्या. पण आपल्याकडे जोडी लिहिलंत तर दुकानदार दोन-दोन नग समजेल. तुम्ही चाळीस नग लिहा.

आता तुमच्या कामाचं बोलू. ऑर्डरीत काय लिहायचं हे कामगार काय काम करतात त्यावर आहे, आणि ते तुमच्या प्रश्नात नव्हतं. म्हणून मी आमच्याकडची रीत सांगतो, तुम्ही तुमच्या सुपरवायझरशी बोलून ठरवा.

भट्टी आणि ओतकामाच्या माणसांना शंभर टक्के सुती कापडच द्या. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड स्वस्त पडतं, इस्त्री टिकते, रंग टिकतो, म्हणून खरेदीवाले तिकडे झुकतात. पण तापलेल्या धातूचा शिंतोडा उडाला की सुती कापड जळून भोक पडतं, आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. मी अशी पोटरी बघितली आहे. त्या दिवसानंतर ओतकामासाठी मिश्र कापड शिवायला मी नकार देतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. जाडी २४० ते २८० जीएसएमचं (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ड्रिल, म्हणजे तिरक्या विणीचं जाड सुती कापड, आम्हाला बरं पडतं. धग जास्त असेल तर आग न धरणारं, प्रक्रिया केलेलं कापड मिळतं, त्याचा निर्णय तुमच्या सेफ्टी ऑफिसरचा. पायाची मोहरी, म्हणजे खालची कड, दुमडून उलटी पट्टी ठेवू नका, त्यात ठिणगी अडकून बसते. खिशांना झाकण हवं, त्याच कारणासाठी.

मशीन शॉपमध्ये लेथच्या फिरत्या चकजवळ (चक म्हणजे काम पकडून फिरणारा भाग) उभं राहणाऱ्यांना बिबवाला प्रकार मी देत नाही. पट्टा सुटला की लोंबतो, आणि लोंबणारं काहीही फिरत्या मशीनला चालत नाही. त्यांना एकसंध डांगरी बरी, बाही मनगटाशी घट्ट. तुमच्याकडे कामावर मुली असतील तर त्यांना एकसंध डांगरी देण्याआधी त्यांना विचारा. बाथरूमला जाताना सगळा कपडा खांद्यावरून उतरवावा लागतो, आणि कित्येक जणी त्यापायी दिवसभर पाणी पीत नाहीत. हे मला एका गिऱ्हाइकाकडच्या मावशींनी सांगितलं, तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना त्याच कापडाचं जाकीट आणि पँट वेगवेगळी द्या.

माप हा डांगरीचा जीव आहे. शर्टाचं माप आणि पँटचं माप जोडून डांगरी बेतली तर ती हमखास आसनात फाटते. तुमच्यासारख्याच एका कारखान्यात गेलो होतो तेव्हा तक्रार होती की नव्या डांगऱ्या महिन्यात उसवतात. मी भट्टीवरच्या एका पोराला उभं केलं. सरळ उभा होता तेव्हा कपडा झकास दिसत होता. म्हटलं, लॅडल (वितळलेला धातू ओतायचा मोठा डाव) धरतोस तसे हात वर कर आणि वाक. त्याने हात उचलले तशी आसनातली शिवण ताणून पांढरी पडली, मोहरी घोट्याच्या वर चार बोटं गेली, आणि तो वाकला तेव्हा टाके तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. दोष सुताचा नव्हता. धडाची लांबी कमी पडत होती.

म्हणून मी टेप असा लावतो. एक टोक डाव्या खांद्यावर, तिथून छातीवरून खाली, जांघेतून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. हा पूर्ण वेढा घ्यायचा आणि वर चार इंच सोडायचे. पाठीवर कमरेशी इलॅस्टिक टाकलं की ते चार इंच लोंबत नाहीत, वाकताना आपोआप सुटतात. आसनाला दुहेरी टिपेची शिवण, खिशांच्या कोपऱ्यांना बारटॅक, म्हणजे मजबुतीचे दाट टाके. आणि सुती कापड बेतण्याआधी पाण्यात बुडवून वाळवून घ्यायला सांगा. न बुडवता शिवलेली डांगरी पहिल्या दोन धुण्यांत आटते, आणि सगळ्यात आधी आटते ती धडाची लांबी.

हे सगळं एका ओळीत बसवायचं तर ऑर्डर अशी लिहा. वर शब्द बॉयलर सूट, कारण त्याचा दुसरा अर्थ होत नाही. पुढे कंसात आपलं डंगरीज, शेवटी दोन ई आणि एस, म्हणजे स्टोअरवाल्याला जुना शब्द ओळखू येईल. त्याखाली: एकसंध, पूर्ण बाह्या, कॉलर, पुढे चेन आणि चेनवर झाकणपट्टी, शंभर टक्के सुती ड्रिल, जाडी अमुक, रंग अमुक, कापड बुडवून घेतलेलं, मोहरी न दुमडता, नग चाळीस, मापांची यादी सोबत. बिब हवं असेल तर बॉयलर सूट खोडून बिब आणि पट्ट्यांसह, बाह्यांशिवाय, असं लिहा. घाट शब्दांत लिहिला की स्पेलिंगात एखादं अक्षर चुकलं तरी कपडा चुकत नाही.

आणि शक्य असेल तर ऑर्डरीसोबत एक जुनी डांगरी पाठवा. नवी नको, वापरलेली, चार-पाच वेळा धुतलेली, घालणाऱ्याने 'ही बसते' म्हणून स्वतः निवडलेली. आत चिठ्ठी टाका, त्यावर त्याची उंची आणि तो कोणत्या खात्यात काम करतो ते लिहा. कुठे घासून विरली आहे, कुठे घरी टाके घालून सांधली आहे, ते बघूनच आम्हाला कळतं कापड कुठे दुहेरी घ्यायचं.